मिथेनॉलवर चालणारा मोबाइल चार्जर कुठे अडला? उत्तर काळ्या भुकटीत

नाशिक : पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडले नाही, तर द्राक्षबागेतल्या सौरऊर्जेवरील हवामान केंद्राची बॅटरी उतरू शकते. अशा वेळी कॅनमधले मिथेनॉल ओतून वीज मिळाली तर? हे शक्य आहे. तोशिबाने ऑक्टोबर २००९ मध्ये जपानमध्ये मिथेनॉलवर मोबाइल चार्ज करणारा ‘डायनारियो’ आणला, पण फक्त ३,००० नग. जर्मनीच्या एसएफसी एनर्जीचे ‘इफॉय’ संच दुर्गम भागातले कॅमेरे आणि सेन्सर चालवतात. मग हे तंत्रज्ञान घरोघरी का पोहोचले नाही?

वीज कशी तयार होते?
या फ्युएल सेलमध्ये मिथेनॉल जाळले जात नाही. एका इलेक्ट्रोडवर मिथेनॉल आणि पाण्यापासून कार्बन डायऑक्साइड, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन तयार होतात. प्रोटॉन मधल्या पडद्यातून, तर इलेक्ट्रॉन तारेतून पलीकडे जातात. तीच वीज.

कार्बन कशासाठी?
ही क्रिया घडवायला प्लॅटिनम लागते. महागड्या धातूचा फक्त पृष्ठभाग कामाला येतो, म्हणून त्याचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण कार्बनच्या काजळीसारख्या भुकटीवर पसरतात. अशा एक ग्रॅम भुकटीचा पृष्ठभाग सुमारे २५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास टेनिस कोर्टाएवढा असतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते.

घोडे कुठे अडते?
अभिक्रियेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला चिकटून बसतो. तो हटवायला रुथेनियम मिसळतात. हा धातू पाण्यातून ऑक्सिजन पुरवतो आणि मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो. पण कालांतराने रुथेनियम विरघळते, कार्बन झिजतो, कण एकमेकांना चिकटतात. थोडे मिथेनॉल पडद्यातून पलीकडे झिरपते, तेही वाया जाते.

महाराष्ट्रात काय?
पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटीने विकसित केलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली. तिचे इंधन वेगळे असले, तरी अशा सेलमध्येही प्लॅटिनमचा खर्च हाच कळीचा मुद्दा असतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनमऐवजी लोह, नायट्रोजन आणि कार्बनचे उत्प्रेरक वापरण्यावर जगभर संशोधन सुरू आहे. मिथेनॉलने ते सहसा बिघडत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा.

हे लक्षात ठेवा
मिथेनॉल जीवघेणे विष आहे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्यामुळे चार्जर बाजारात आलाच, तर इंधन सीलबंद डबीतच मिळायला हवे.