थोडं रेडिएशन चांगलं असतं म्हणे!

परवा भिशीत एकीने गळ्यातलं काळं लॉकेट दाखवलं. ‘निगेटिव्ह आयनचं आहे, गुडघे दुखायचे थांबतात. ह्यातनं जरासं रेडिएशन निघतं म्हणे, पण तेवढं अंगाला चांगलंच असतं!’ दोघी-तिघींनी लगेच विकणारीचा नंबर लिहून घेतला. मी मात्र घरी येऊन वाचायला बसले.

मैत्रिणींनो, ही कल्पना अगदीच हवेतली नाही बरं का! शास्त्रात तिला ‘हॉर्मेसिस’ म्हणतात. जास्त मात्रेत घातक असलेला किरणोत्सर्ग किंचित मात्रेत मिळाला, तर शरीराची दुरुस्ती करणारी यंत्रणा जागी होते, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं. अमेरिकेतल्या टी. डी. लकी यांनी १९८० मध्ये ह्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

तसा किरणोत्सर्ग आपल्याभोवती असतोच. जमिनीतून, आकाशातून, हवेतून माणशी वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या करुणागापल्लीच्या किनाऱ्यावर तर वाळूतच थोरियम आहे. काही ठिकाणी किरणोत्सर्ग नेहमीच्या कितीतरी पट. तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे नांदतायत. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने तिथल्या जवळजवळ ७० हजार लोकांची पाहणी केली. त्या किरणोत्सर्गामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसत नाही, असा निष्कर्ष २००९ मध्ये आला.

पण अपाय दिसला नाही, म्हणजे फायदा झाला असं थोडंच आहे?

आता दुसरी बाजू ऐका. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या कॅन्सरचं कारण शोधताना डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी थेट आयांनाच विचारायचं ठरवलं. कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आया आणि धडधाकट मुलांच्या आया, दोघींना तेच प्रश्न. पोटुशी असताना पोटाचा एक्स-रे काढला होता का? मूल गमावलेल्या आयांमध्ये ‘हो’ म्हणणाऱ्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. १९५६ मध्ये हे छापून आलं, तर अनेकांनी नाकं मुरडली. आयांच्या आठवणींवर काय भरवसा ठेवायचा? १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी हॉस्पिटलच्या नोंदीच तपासल्या. तिथेही एक्स-रे झालेल्या आयांच्या मुलांत कॅन्सरचे मृत्यू जास्त आढळले. आयांचं खरं होतं!

वाद अजून मिटलेला नाही. इतक्या कमी मात्रेचा परिणाम मोजणंच अवघड. पण २०२३ मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त अणुकामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात कमी मात्रेतही मात्रेबरोबर कॅन्सरचा धोका वाढताना दिसला. हॉर्मेसिस मान्य करून नियम सैल करा, ही मागणी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २०२१ मध्ये फेटाळली. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा विभागाने अशा लॉकेट-ब्रेसलेटसारख्या दहा वस्तूंत किरणोत्सर्गी पदार्थ असल्याचं सांगितलं आणि त्या अंगावर घालू नका, असं बजावलं. लॉकेट दिवसरात्र कातडीला चिकटून असतं, हे विसरू नका.

म्हणून घाबरून तपासण्या टाळायच्या का? मुळीच नाही. छातीच्या एक्स-रेत साधारण ०.१, मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट. स्तनातली गाठ वेळेवर कळणं त्याहून कितीतरी मोलाचं. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ८ च्या आसपास, म्हणून तो गरजेपुरताच. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच.

तेव्हा डॉक्टरांना विचारायला लाजू नका. ‘हा स्कॅन लागणारच आहे का? सोनोग्राफीवर भागेल का?’ जुने रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. आणि पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची नुसती शंका जरी असली, तरी टेबलावर झोपायच्या आधी सांगा. सासूबाई बरोबर असल्या तरी सांगा!