सोन्याच्या शोधात गारठ्याशी गाठ

कॅनडाच्या वायव्येकडील युकॉनमध्ये सोन्याच्या शोधाचा हंगाम उन्हाळ्यातल्या मोजक्या महिन्यांचा. हंगामी कामगार रानात तंबू ठोकून राहतात आणि ठरावीक अंतरावर गिरमिटाने जमिनीत भोक पाडून मातीचे नमुने काढतात. त्यातले सोने अब्जावधी कणांत एखादा, इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजले जाते. त्यामुळे नमुने घेताना बोटात सोन्याची अंगठीही चालत नाही.

अस्वलांची भीती सर्वांनाच असते, पण गाफील गाठतो तो ओला गारठा. पारा शून्याच्या बराच वर असला तरी पावसात भिजलेल्या, वारा लागलेल्या शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरू शकते. हाच हायपोथर्मिया. आधी हुडहुडी भरते, मग बोटे ऐकेनाशी होतात, बोलणे अडखळते. मेंदूही मंदावत असल्याने ज्याचे त्याला हे उमगत नाही. ते सोबत्यानेच ओळखायचे असते. गारठलेल्याची हुडहुडी अचानक थांबली, तर धोका वाढला असे समजावे.

अशा वेळी आडोसा गाठून ओले कपडे बदलावेत, अंग पांघरुणात गुंडाळावे. माणूस पूर्ण शुद्धीत असेल तर गरम, गोड पेय द्यावे. मद्य मात्र नको. भिजलेले सुती कपडे ऊब देत नाहीत, लोकरीचे बऱ्यापैकी देतात. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.