खेळात मराठे आहेत, महार कुठे आहेत?

गेल्या महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. भाचा अकरावीला आहे. अभ्यासात बरा आहे, पण मोबाईल हातातून सुटत नाही. आईची बोलणी खात तो कोपऱ्यात बसला होता. मला पाहताच म्हणाला, "मामा, या, बघा. मी मराठ्यांकडून खेळतोय. दिल्ली घेतली!" मी शेजारी बसलो. पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा, फौजा, तोफा, हत्ती. थोड्या वेळाने मी सहज विचारले, "यात आपली माणसे कुठली रे?" तो थांबला. म्हणाला, "ते काही दाखवत नाहीत, मामा."

वाचकहो, त्याच्या त्या उत्तरामुळे हा लेख लिहावा लागला.

या खेळाचे नाव 'एम्पायर : टोटल वॉर'. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो २००९ साली संगणकासाठी काढला आणि २०२४ साली तो मोबाईलवरही आला. काळ सन १७०० पासून १७९९ पर्यंतचा. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान अशा तीन मोठ्या रणभूमी आहेत. ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांच्या बरोबरीने मराठ्यांचे राज्य घेऊनही खेळता येते. कर बसवायचे, फौज उभी करायची, तह करायचे, मुलूख जिंकायचा. इतिहासाच्या पुस्तकाला कंटाळणारी मुले यामुळे नकाशा वाचू लागतात, ही त्याची जमेची बाजू मान्य केली पाहिजे.

खेळाच्या उणिवा खेळणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितल्या. जवळजवळ सबंध फ्रान्स देश हा एकच प्रांत केला आहे. पॅरिस पडले की फ्रान्सची भूमी गेली! सुरुवातीला संगणकाकडून खेळणाऱ्या राज्यांना समुद्रावरून फौज नेऊन स्वारी करणेच जमत नव्हते. त्याची दुरुस्ती नंतर झाली. अमेरिकेतील मूळनिवासी जमाती घेऊन खेळण्याची सोयही आधी नव्हती. ती त्याच वर्षी वेगळी पुरवणी काढून, वेगळे पैसे घेऊन दिली गेली. म्हणजे गाळलेली माणसे मागाहून आत घेता येतात, हे निर्मात्यांनीच दाखवून दिले.

आता आपल्या उणिवेकडे येऊ. मी वाणिज्य शाखेचा, हिशेबात वाढलेला माणूस. म्हणून मी या खेळाचा जमाखर्च पाहिला. प्रत्येक प्रांतात प्रजेचे दोन भाग, वरचा वर्ग आणि खालचा वर्ग. दोघांवर वेगवेगळा कर. कर जास्त झाला की खालचा वर्ग चिडतो, दंगा करतो. धर्म निराळा असेल तर त्याचीही अशांतता मोजली जाते. पैसा, धर्म, बंदुका या सर्वांची खाती आहेत. जातीचे खाते मात्र खतावणीत कुठेच नाही. ज्याचे खातेच उघडले नाही, त्याची थकबाकी कशी दिसणार?

खेळात सारा आपोआप खजिन्यात जमा होतो. प्रत्यक्षात गावचा वसूल डोक्यावर घेऊन ठाण्याच्या खजिन्यापर्यंत कोण नेत होते? गावचा महार. गावाची शीव राखणे, सरकारी सांगावा पोहोचवणे, मेलेले ढोर ओढणे, ही सारी कामे वतनाच्या नावाखाली त्याच्या गळ्यात बांधलेली होती आणि मोबदला म्हणजे बलुत्याचे मूठभर धान्य. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. तेव्हा ते झाले नाही. त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला.

खेळात पैसे मोजले की पलटण तयार होते. तिला ना जात, ना पंगत. पण याच खेळाच्या काळात, १७९५ साली, खर्ड्याला निजामाविरुद्ध लढाई झाली. कळंबीचा सिदनाक महार त्या वेळी मराठ्यांच्या फौजेत होता. त्याचा तंबू आपल्या तंबूंजवळ नको, अशी तक्रार इतरांनी केली आणि पुढे त्याच सिदनाकाने परशुरामभाऊ पटवर्धनांचे प्राण वाचवले, असे परंपरेने सांगितले जाते. मरायला एकत्र, पण राहुटीला वेगळा! हा सवाल खेळाच्या कोणत्या रकान्यात बसतो?

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे आणि पावलांचे ठसे पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये नोंदवले आहे. खेळात शाळा बांधली की राज्यात ज्ञान वाढते. त्या शाळेच्या दारातून कोणाला हाकलले जाते, ते दिसत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली. ती का काढावी लागली, हे या खेळातून कोणत्या मुलाला कळेल?

ही गत एकट्या आपलीच नाही. खेळात अमेरिकेतील साखरेचे, तंबाखूचे, कापसाचे मळे आहेत. त्या मळ्यांत राबणारा आफ्रिकी गुलाम मात्र दिसत नाही. गुलामगिरी रद्द करण्याची सुधारणा तेवढी यादीत आहे. म्हणजे रोग लपवायचा आणि औषध दाखवायचे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना तो अर्पण केला. दोन्ही दुःखांचे नाते त्यांना तेव्हाच दिसले होते. या खेळात जातीच्या रोगाचेही नाव नाही आणि औषधाचेही नाही.

कोणी म्हणेल, खेळच आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? मनाला लावून घ्यावे लागते, कारण दरवर्षी १ जानेवारी जवळ आला की आपल्या मुलांना कॉलेजात टोमणे ऐकावे लागतात. तुमचे पूर्वज इंग्रजांकडून का लढले, असे विचारले जाते. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला कंपनीच्या त्या तुकडीत महारांबरोबर इतर जातींचेही सैनिक होते. विजयस्तंभावरच्या नावांत मात्र 'नाक' शेवटी असलेली नावे ठळक दिसतात. १९२७ साली बाबासाहेब स्वतः तेथे मानवंदना द्यायला गेले. ज्या मुलाला खर्ड्याचा तंबू आणि पुण्याचे मडके माहीत आहे, तो त्या टोमण्याला शांतपणे उत्तर देईल. ज्याने फक्त हा खेळ पाहिला, तो मान खाली घालील. कारण खेळातल्या मराठी राज्यात सगळे सारखेच होते!

आणि त्याच कंपनीच्या वारसदारांनी १८९० नंतर महारांची सैन्यभरती बंद केली, हेही मुलांना सांगा. पुढे १९१७ ला महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली आणि १९४१ ला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. आपल्या माणसाला पेशव्यांकडेही झगडावे लागले आणि इंग्रजांकडेही. खरा इतिहास असा दोन्ही बाजूंनी सांगायचा असतो.

मग मोबाईल हिसकावून घ्यायचा का? मुळीच नाही. हिसकावले की मूल चोरून खेळते. त्याच्या शेजारी बसा. खेळ पाहा आणि प्रश्न विचारा. हा सारा कोणी आणला? या फौजेसाठी लाकडे कोणी फोडली? मेलेले घोडे कोणी ओढले? उत्तर ठाऊक नसेल तर रविवारी विहारात जाणत्या माणसाला विचारा, वाचनालयातून बाबासाहेबांचे खंड आणा. आज आपली मुले संगणक शिकली आहेत, नोकरीला लागली आहेत. संगणकावर असे खेळ हौशी तरुण स्वतः बदलून दाखवतात. आपल्या तरुणांनीही जातीचे ते खाते उघडून दाखवावे.

परवा भाच्याचा फोन आला होता. खर्डा नकाशावर कुठे येते, ते त्याने शोधून ठेवले आहे. येत्या सुट्टीत त्याला घेऊन कोरेगावला जाणार आहे.

जय भीम!