उंबराचे फूल आणि केंबरे

मुंबई, प्रतिनिधी

दादर पश्चिमेच्या फुलबाजारात पहाटेपासून झेंडू, शेवंती, निशिगंधाचे ढीग लागतात. एक फूल मात्र तेथे कधीच विक्रीस येत नाही, ते उंबराचे. क्वचित दर्शन देणाऱ्या माणसाला 'उंबराचे फूल' म्हणण्याची रीत त्यावरूनच पडली. वस्तुतः ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, त्याच्या पोटात असंख्य सूक्ष्म फुले दडलेली असतात. या बंद पेटीला टोकाशी एकच छिद्र असते आणि तेही खवल्यांनी झाकलेले. मधमाशी वा फुलपाखराला आत शिरकाव नाही. मग परागण होते कसे?

उत्तर आपल्याच भाषेत आहे. उंबर फोडल्यावर निघणाऱ्या किड्यांना जुन्या मराठीत 'केंबरे' म्हणत. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या या चिमुकल्या कीटकांपैकी 'सेराटोसोलेन फुसिसेप्स' हा उंबराचा परागवाहक. कोवळ्या फळाच्या गंधावरून मादी झाड शोधते आणि त्या अरुंद छिद्रातून आत घुसते. घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. परतीची वाट बंद होते. छातीवरच्या खास कप्प्यांत आणलेले पराग ती फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. काही आठवड्यांनी पिल्ले प्रौढ होतात. बिनपंखी नर माद्यांशी मीलन करून फळाला भोक पाडतात. माद्या पराग भरून घेऊन बाहेर पडतात. उडण्यासाठी हाताशी जेमतेम एक-दोन दिवस!

हे साटेलोटे सात-आठ कोटी वर्षे चालत आले आहे आणि या काळात ते सैल होण्याऐवजी घट्टच होत गेले. त्यामागे कोणाची योजना नाही. परागांविना नुसती अंडी घालणाऱ्या मादीचा वंश झाडाने पोसावा कशासाठी? पनामातील जँडर व हेर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले की, कीटक स्वतःहून पराग वाहून नेतात अशा जातींची झाडे परागण न झालेली फळे अनेकदा गाळून टाकतात. आतली पिल्लेही त्यांच्याबरोबर संपतात. साहजिकच पराग आणणाऱ्या माद्यांचा वंश वाढला. असा भरवशाचा वाहक लाभल्यावर झाडालाही पराग उधळण्याचे कारण उरले नाही. अशा जातींत नरफुले कमी आढळतात. एकाची सवय दुसऱ्याची गरज बनते ती अशी.

अर्थात या घरात चोरही आहेत. काही कीटक परागण न करता बाहेरूनच फळाला भोक पाडून अंडी घालतात. त्यांच्या सुईसारख्या अवयवाच्या टोकाशी जस्त असते, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. शिवाय 'एक झाड, एक कीटक' हा नियमही पूर्वी वाटला तितका काटेकोर नाही. काही जातींना एकाहून अधिक परागवाहक असल्याचे जनुकीय तपासणीत आढळले आहे.

नाते जितके घट्ट, तितके ते तुटण्याचे भयही मोठे. एका झाडावरची फळे बहुधा एकाच वेळी तयार होतात, म्हणून बाहेर पडलेल्या मादीला त्याच सुमारास कोवळी फळे धरलेले दुसरे झाड गाठावे लागते. वाऱ्यावर हे कीटक दूर जातात. नामिबियाच्या वाळवंटात २००९ च्या अभ्यासात दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर नोंदले गेले. पण जाऊन पोहोचायला झाड तर हवे! पुनर्विकासात उंबर गेला आणि त्याच्या जागी शोभेचे झाड लावले, तर कागदावर वृक्षसंख्या तेवढीच राहते. तांबट, कोकीळ आणि वटवाघळांच्या ताटातले मात्र कमी होते.

दादरच्या जुन्या चाळींच्या भिंतींवर पिंपळाची रोपे उगवतात आणि रहिवासी ती उपटून काढतात. भिंतीच्या दृष्टीने ते योग्यच. ते बी पाखरांनी आणले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ते बी धरले, याचा अर्थ पिंपळाचा स्वतंत्र कीटकही त्याआधी पराग घेऊन झाडापर्यंत पोहोचला होता.