धारणीचा घाट आणि नववीचं फिजिक्स

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या धारणी?' की झालं! अमरावती, परतवाडा, मग घाट, सेमाडोह, हरिसाल, धारणी. रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणारा. १९७४ सालचा हा प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. बॅगेत चार्जर, कॅमेरा, चिवडा सगळं भरलं जातं. हेल्मेट मात्र बाइकच्या आरशाला लटकलेलं, आणि कारच्या मागच्या सीटचे पट्टे सीटखाली गाडलेले.

म्हणून जरा नववीच्या वर्गात जाऊ या. घाबरू नका, परीक्षा नाहीये. संवेग, म्हणजे आपलं मोमेंटम : वस्तुमान गुणिले वेग. समजा तुमचं वजन ६० किलो आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. गुणाकार केला की तुमच्या एकट्याच्या नावावर जवळपास १,००० एककं संवेग जमा. गाडी थांबली की हे खातं शून्यावर यायलाच हवं. बल गुणिले वेळ, म्हणजेच आवेग, तेवढाच भरावा लागतो. यात सूट नाही, पण ईएमआयची सोय आहे! मुदत वाढवा, हप्ता हलका होतो.

समोर वळण दिसलं, तुम्ही चार सेकंदांत आरामात ब्रेक लावून थांबलात. हप्ता किती? जेमतेम २५ किलो वजनाइतकं बल. पण वळणावर अचानक सांबर उभं, गाडी झाडावर गेली आणि पट्टा लावलेला असताना ०.१ सेकंदात थांबलात, तर तेच बल एक टन वजनाएवढं. भयंकरच, पण पट्टा ते छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून देतो. पट्टाच नसेल तर? गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. त्याच ६०च्या वेगाने डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर आदळता आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात सगळं कर्ज एकरकमी फेडता. दहा टन! 'मागे बसलोय, मला काय होतंय' म्हणणाऱ्या मित्राला हा आकडा ऐकवा. तो उडतो तेव्हा पुढे बसलेल्यालाही घेऊन जातो.

क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे नेतोच ना? हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर तेच काम करतो. तो दबतो, आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं. आणि पट्टी हनुवटीखाली बांधलेली नसेल तर हेल्मेट तुमच्याआधीच निघून जातं. ते रस्त्याकडेचं स्वस्त, टोपीसारखं प्रकरण तर पोलिसमामांसाठीच असतं.

अजून एक गंमत. वेग ४०वरून ८० केला की संवेग दुप्पट होतो, पण तेवढ्याच ब्रेकवर थांबायला अंतर चौपट लागतं. घाटात एवढा सरळ रस्ता आणायचा कुठून? त्यात समोर गवा आला तर तो आठशे-हजार किलोचा गडी. तो तुम्हाला साइड देणार नाही.

गेल्या खेपेला निघताना आमच्या मागच्या सीटवर खोदकामच चाललं होतं. शेंगांची टरफलं निघाली, एक जुनं बिल निघालं, एक बक्कल सापडलं. दुसरं थेट परतवाड्याला, चहाला थांबलो तेव्हा हाती लागलं.