लॉजिक अ‍ॅनालायझरची निवड

विद्युत् मंडलातील एक चिप दुसरीशी तारेतून बोलते. या भाषेत शून्य आणि एक असे दोनच अंक असतात. हे बोलणे टिपून पडद्यावर रेषांनी दाखविणारे उपकरण म्हणजे लॉजिक अ‍ॅनालायझर होय. ते निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एकाच वेळी किती तारा तपासता येतात. हौशी कामास बहुधा ८ पुरतात. दुसरी, विद्युत् दाब. मंडलातील ५ किंवा ३.३ व्होल्टचा दाब उपकरणास मानवला पाहिजे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेग. तारेतील स्पंदने सेकंदाला १० लाख असतील, तर उपकरणाने निदान ४० लाख नोंदी घ्याव्यात. वेग अपुरा पडला तरी उपकरण गप्प बसत नाही. ते चुकीचे चित्र तितक्याच ठामपणे दाखविते आणि आपण निर्दोष मंडलात दोष शोधीत बसतो!