जुन्या पिकअपमध्ये नवा डॅशबोर्ड बसतो, पण बोलतो का?

एकाच कंपनीच्या दोन फोनची स्क्रीन कधी कधी साईजला अगदी तंतोतंत जुळते. कनेक्टरही बसतो. पण फोन चालू केला की टच चालत नाही, नाहीतर ब्राइटनेस अडकून बसतो. साईज जुळणं वेगळं आणि आतल्या सॉफ्टवेअरने तो पार्ट ओळखणं वेगळं. हाच धडा आमच्या घरात गाडीच्या बाबतीत जरा महागात शिकायला मिळाला.

आम्ही तुंगार्लीचे. काकांचा एक जुना पिकअप आहे, लोणावळा ते पनवेल मालाची ने-आण करणारा. इंजिन ठणठणीत, पण केबिनची पार वाट लागलेली. डॅशबोर्डला भेगा, सीटमधून स्पंज बाहेर. त्याच घराण्यातलं नवं मॉडेल दिसायला जवळपास तसंच असतं, त्यामुळे काकांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून नव्या मॉडेलचं सगळं इंटेरिअर उचललं. डॅशबोर्ड, मीटर, सीट, स्टीअरिंग, सगळंच. मिस्त्रींनी दोन दिवसांत बसवलंही. बोल्टची भोकं जुळली म्हणून सगळे खूश.

स्पीडचा काटा मात्र मेलेला. मिस्त्री म्हणाले, "टेंपरेचर आणि डिझेलचा काटा हलतोय ना, मग स्पीडचं बघू नंतर."

मे महिन्यातली दुपार, गाडी भरलेली, काका खोपोलीवरून बोरघाट चढत होते. टेंपरेचरचा काटा मध्याच्याही खाली, निवांत. आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. हेड गॅस्केट गेलं. गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि तेवढे दिवस धंदा बंद. काकांचा एकच प्रश्न होता: "काटा खोटं का बोलला?"

याचं उत्तर शोधताना जे कळलं, ते आज सोप्या भाषेत बघूया.

इंटेरिअरचे तीन थर

पहिला थर लोखंड-प्लॅस्टिकचा. भोकं, ब्रॅकेट, क्लिपा. दुसरा थर करंटचा. कुठल्या वायरवर किती व्होल्ट, किती रेझिस्टन्स. तिसरा थर डेटाचा. कोण कोणाला काय मेसेज पाठवतो.

एकसारख्या डिझाईनच्या गाड्यांमध्ये पहिला थर बऱ्याचदा जुळतो. कंपनीला बॉडीचे साचे बदलणं महाग पडतं, म्हणून बाहेरचा सांगाडा वर्षानुवर्षं तोच राहतो. बोलेरोचंच बघा. ती २००० साली आली आणि आजही लांबून ओळखू येते. पण मधल्या काळात नियमांमुळे तिच्यात एबीएस आली, एअरबॅग आली, २०२० मध्ये बीएस-६ इंजिन आलं. म्हणजे बाहेरून तीच दिसणारी गाडी आतून वेगळीच. फसगत होते ती इथेच.

काटा खोटं का बोलला?

इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजायला थर्मिस्टर नावाचा सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. मीटरला तापमान कळत नाही, त्याला फक्त ओहम कळतात. अमुक ओहम म्हणजे अमुक डिग्री, हा तक्ता मीटरच्या आत ठरलेला असतो.

उदाहरण म्हणून समजा, जुना सेन्सर १०० डिग्रीला ८० ओहम देतो. नव्या मीटरच्या तक्त्यात ८० ओहम म्हणजे ७० डिग्री. मग पाणी उकळायला आलं तरी काटा ७० वरच. काटा हलतो, वर-खाली होतो, म्हणून आपल्याला वाटतं की चालतंय. बंद पडलेल्या मीटरपेक्षा हा जास्त धोक्याचा, कारण बंद मीटरवर निदान आपण विश्वास तरी ठेवत नाही.

हे घरी तपासता येतं. सेन्सर काढा, भांड्यातल्या गरम पाण्यात त्याचं टोक बुडवा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि मल्टिमीटरने ६०, ७०, ८०, ९० डिग्रीला ओहम लिहून घ्या. जुन्या आणि नव्या दोन्ही सेन्सरसाठी. (लोणावळा साधारण ६२० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं, थर्मामीटर बिघडला समजू नका.) आकडे जुळले नाहीत तर नव्या मीटरबरोबर त्याच्याच मॉडेलचा सेन्सर लावायला हवा, तोही इंजिनच्या आट्यांत नीट बसत असेल तरच. डिझेलच्या काट्याचंही हेच. टाकीतला फ्लोट जुना आणि मीटर नवा असेल तर अर्धी टाकी पाव दिसू शकते.

स्पीडचा काटा का मेला?

जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्समधून एक फिरणारी केबल थेट मीटरपर्यंत यायची. पुढच्या पिढीत केबल गेली आणि सेन्सर आला. चाक जितकं जोरात, तितक्या जास्त पल्स. काकांची गाडी या पिढीतली. त्यानंतर आली कॅन बस.

गंमत बघा. टाटा ४०७ हा आपल्या ओळखीचा ट्रक आला १९८६ मध्ये, आणि बॉश कंपनीने कॅन बस जगासमोर मांडली तीही १९८६ मध्येच, अमेरिकेतल्या डेट्रॉइटला. आपल्याकडच्या साध्या गाड्यांपर्यंत ती पोहोचायला मात्र बरीच वर्षं लागली.

कॅन बस म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी. त्यांच्यावर इंजिन, एबीएस, मीटर सगळे जोडलेले. ही एक व्हॉट्सॲप ग्रुपसारखी व्यवस्था समजा. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ग्रुपवर टाकतो, "आरपीएम २,०००." ज्याला गरज आहे तो वाचतो, बाकीचे सोडून देतात. प्रत्येक मेसेजला एक नंबर असतो, आणि कुठल्या नंबरखाली काय येणार हे गाडीच्या मॉडेलप्रमाणे ठरतं.

काकांच्या गाडीत असा ग्रुपच नव्हता. नवा मीटर बिचारा स्पीडच्या मेसेजची वाट बघत बसलेला आणि जुनी गाडी त्याला नुसत्या पल्स पाठवत होती. तापमान आणि डिझेलसाठी त्या मीटरला अजून थेट वायर होती, म्हणून तेवढेच काटे हलले.

मी काय करून पाहिलं

इंजिनिअर म्हटल्यावर हात शिवशिवणारच. मीटर घरी आणला, १२ व्होल्टचा सप्लाय दिला, एक आर्डुइनो आणि त्याला कॅनचं छोटं बोर्ड जोडलं. पहिली संध्याकाळ वाया गेली. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो, तो मी विसरलो होतो. (पॉवर बंद करून दोन वायरींमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. तपासायची सोपी खूण.)

मग प्रश्न, स्पीडचा मेसेज नंबर कुठला? साध्या कॅनमध्ये नंबर ११ बिटचा, म्हणजे एकूण २,०४८ शक्यता. मी प्रोग्रॅमने एकेक नंबर पाठवत गेलो आणि काट्याकडे बघत बसलो. एका नंबरवर काटा टुणकन उडाला. काकू म्हणाल्या, "उभी गाडी ऐंशीने पळवलीस की रे!"

म्हणजे जमलं होतं. पल्स मोजायच्या, त्यांचा मेसेज बनवायचा, मीटरला द्यायचा. तरीही तो डबा मी काकांच्या गाडीत लावला नाही. टेबलावर चालणारा कोड आणि घाटात, उन्हात, धक्क्यात रोज चालणारा कोड यांत खूप अंतर आहे. माझा प्रोग्रॅम हँग झाला तर रात्री उतारावर काका स्पीडशिवाय. शिवाय लोणावळ्याचा पाऊस. टेप गुंडाळलेले जॉइंट इथे एक पावसाळाही टिकत नाहीत. शेवटी आम्ही नवा डॅशबोर्ड ठेवला आणि त्याच्या खोबणीत ब्रॅकेट बनवून जुना मीटर आणि जुना सेन्सर परत बसवला. दिसायला एवढं छान नाही, पण काटा खरं बोलतो.

एअरबॅगचं काय?

हा भाग नीट वाचा. नव्या कारना १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे जुन्या बाजारात एअरबॅगवाली स्टीअरिंग आता सहज मिळतात. काकांनाही तसंच मिळालं होतं.

एअरबॅग एकटी काही करत नाही. धक्का ओळखणारे सेन्सर आणि निर्णय घेणारा कॉम्प्युटर लागतो, आणि तो त्या विशिष्ट गाडीच्या क्रॅश टेस्टवरून सेट केलेला असतो. पुढचा भाग किती दबतो, किती मिलिसेकंदांत बॅग उघडायची, हे गाडीगणिक बदलतं. दुसऱ्या गाडीत ती उघडणार नाही, किंवा नको तेव्हा उघडेल. तिच्या आत स्फोटक इन्फ्लेटर असतो, तो स्क्रूड्रायव्हरने चाळा करायची वस्तू नाही.

काही ठिकाणी एअरबॅगच्या जागी साधा रेझिस्टर लावून वॉर्निंग लाईट घालवतात. सिस्टिमला वाटतं बॅग आहे, प्रत्यक्षात काहीच नाही. टेंपरेचरच्या काट्यासारखंच हे, फक्त इथे गॅस्केटऐवजी माणूस जातो. आम्ही जुनं स्टीअरिंगच परत लावलं.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. डॅशबोर्ड किंवा सीट कव्हर बदलणं आणि केबिनमध्ये जादा सीट टाकणं यांत म्हणूनच फरक आहे, कारण आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, हेही लक्षात ठेवा. काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्या.

काय घ्यायचं, काय सोडायचं?

- बिनधास्त घ्या: डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, दरवाज्याचे पॅड, छताचं कापड, मॅट.
- तपासून घ्या: सीट (मूळ भोकांतच बसली पाहिजे, फ्लोअरला वेल्डिंग नको), एसीचा ब्लोअर (जास्त करंट खात असेल तर त्याला वेगळी जाड वायर आणि वेगळा फ्यूज, आहे तो फ्यूज मोठा करू नका).
- शक्यतो सोडा: मीटर, एअरबॅग, चावीच्या चिपशी जोडलेले मॉड्युल.
- हात लावू नका: डॅशबोर्डमागचा लोखंडी क्रॉस बीम. स्टीअरिंग त्याच्यावर टांगलेलं असतं, तो कापून जोडायचा नाही.

आणखी दोन गोष्टी. पार्ट घेताना बिल मागा, चोरीच्या गाडीचा माल गळ्यात नको. आणि मीटर बदललाच, तर जुन्या मीटरच्या किलोमीटरचा तारखेसह फोटो काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरच्याच मेमरीत असते. उद्या गाडी विकताना समोरच्याला खरा आकडा सांगता आला पाहिजे.

काकांचा पिकअप आता पुन्हा घाट चढतोय. नव्या डॅशबोर्डवर डाव्या बाजूला एअरबॅग अशी उठावाची अक्षरं होती, आत मात्र मोकळी पोकळी. काकांनी एका रविवारी बसून ती अक्षरं पॉलिश पेपरने घासून काढली. मी विचारलं, "कशाला एवढं?" तर म्हणाले, "उद्या गाडी दुसऱ्याकडे गेली तर तो त्या अक्षरांवर विश्वास ठेवेल ना."